जैनबखालाचा सबक

गेल्या रमजानच्या तोंडावर आमच्या गल्लीत एक नवी सून आली. पेणकडची, नुकताच कलमा पढलेली, ओढणी सांभाळता सांभाळता बेजार झालेली. तिची सासू तिला माझ्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, "मरियमभाबी, हिला जरा सांगा, कुरान शरीफ वाचायला सुरुवात कुठून करायची. तुम्ही पण तशाच आलेल्या ना, तुम्हाला बरोबर कळंल."

तशाच आलेल्या! चाळीस वर्षं झाली मला ह्या घरात. तीन बाळंतपणं झाली, सासूच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं, तरी मी आपली तशीच आलेली. असो. त्या पोरीला मी चहा दिला आणि "उद्या-परवा ये, आज मला बरं नाही" म्हणून वाटेला लावलं. खरंच बरं नव्हतं. कुरान कुठून सुरू करायचा हे मला एका बाईनं नीट शिकवलं होतं, आणि त्या बाईच्या बाबतीत मी काय केलं ते माझं मला माहीत आहे.

ती बाई म्हणजे जैनबखाला, सगळ्यांची मावशी. तिचं घर रोह्यात कुंडलिका नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत अगदी शेवटचं. पुढं पडवी, पडवीत चटई, आणि चटईच्या टोकाला चुलीवर चढवलेलं सांदणांचं भांडं. लग्नकार्याला लोक तिच्याकडून सांदणं करून घेत. सबक चालू असताना भांड्याचं झाकण थडथडलं की ती हात वर करून वाचणं थांबवायची, उठून झाकण सारखं करायची, पुन्हा येऊन बसायची आणि नेमकं अर्ध्यावर सोडलेल्या शब्दापासून म्हणायला लावायची. अंगानं किडकिडीत, पुढचे दोन दात पडलेले. ती हसली म्हणजे समजायचं, आता कुणाची तरी धडगत नाही. गल्लीतल्या अर्ध्या बाया तिच्याच हाताखाली शिकलेल्या, आणि सगळ्या तिला टरकून असायच्या.

मी कोण ते दोन ओळींत सांगते, कारण गोष्ट माझी नाही. मी हमरापूरची. आमच्या घरात गणपतीच्या मूर्ती होत, आणि मूर्तीचे डोळे आखायचं काम आईचं आणि माझं. इक्बाल रोह्याच्या एका कंपनीत कामाला होता. आमचं कसं जमलं, कुणी कुणाला फसवलं, असली चौकशी लोकांनी पुष्कळ केली, मी आज करत नाही. मी स्वतःच्या पायांनी आले. बापानं "आमाला मेली" म्हणून सांगितलं आणि आईला माझं नाव काढायची बंदी केली. इकडं निकाहाच्या दिवशी बायांनी मला कवटाळलं, रडल्या, पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळ्यांचा एकच धोशा, हिचा कुरान कधी खतम होणार? सहा महिन्यांनी नणंदेचं लग्न होतं. तिच्या सासरच्या झाडून सगळ्या बायका यायच्या होत्या, आणि त्यांच्यासमोर सासूला सांगायचं होतं की आमची सून तशी आली खरी, पण कुरान खतम केला तिनं.

म्हणून सासू मला खालाकडे घेऊन गेली. बरोबर हिरव्या साटिनच्या जुजदानात गुंडाळलेला कोरा कुरान.

खालानं विचारलं, "नाव काय?"

"मरियम."

"ह्ये सासूनं ठिवलेलं. आयनं काय ठिवलेलं?"

मी सासूकडं बघितलं आणि हळूच म्हटलं, "मंदा."

"नाव घान असंल तर बदलायचं. मंदात काय घान हाय? भायेर तू मरियम रहा, हितं मंदा." मग सासूकडं वळून म्हणाली, "आनि ह्यो कुरान परत घेऊन जा. येवढ्यात नको."

सासूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पहिला आठवडाभर पुस्तक नाहीच. हातपाय धुवून, वुजू करून बसायचं आणि फक्त अल्हमदु, कुरानातली पहिली सूरा. सात ओळी. एक ओळ ती म्हणणार, मागून मी, मग ती तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगणार. "रब्बिल आलमीन म्हंजे सगळ्या दुनवेला पोसनारा धनी. तुला पन, तुझ्या बापाला पन, मिठागरातल्या बगळ्याला पन." आणि प्रत्येक ओळ झाली की उजव्या हाताची तीन बोटं वर करायची. "थांब. उत्तर येऊ दे."

मला आधी कळेचना, कुणाचं उत्तर. तिसऱ्या दिवशी धीर करून विचारलं.

"त्याचं," ती म्हणाली. "हदीस हाय. बंदा एक ओळ म्हन्तो, तो वरनं जवाब देतो. माझ्या बंद्यानं माझी तारीफ केली म्हन्तो. तू भडाभडा सात ओळी वकून मोकळी झालीस तर त्यानं बोलायचं कंदी? दुसऱ्याचं बोलनं मधीच तोडू नये येवढं आयनं शिकवलं नाय तुला?"

त्या पडवीत, सांदणांच्या वाफेत, तीन बोटं वर धरून बसलेली ती म्हातारी आणि समोर मी. खरं सांगते, आयुष्यात तेवढे काही महिने मला वाटलं की कुणीतरी माझ्याशी बोलतंय. नंतर कधी वाटलं नाही.

मग अलिफ-बे सुरू झालं. त्यानंतर शेवटच्या सिपाऱ्यातल्या, म्हणजे कुरानाच्या तीस भागांपैकी शेवटच्या भागातल्या, लहान लहान सूरा. मी अशी अडखळायची की शेजारची सात-आठ वर्षांची पोरं तोंडावर हात धरून हसायची. एकदा मी रडले. खाला हसली, म्हणजे मी घाबरले. पण ती पोरांना म्हणाली, "हसा. जो अडखळत अडखळत वाचतो त्याला डब्बल सवाब, डब्बल पुन्य हाय, आनि तुमी फाडफाड वाचता त्याला सिंगल. ही आल्यापास्नं रोज तुमच्या दुप्पट घेऊन घरी जाते, मेल्यांनो." मग मला म्हणाली, "हळू अडखळ. घाई नाय."

महिन्याच्या चार दिवसांत कुरानाला हात लावायचा नसतो. सासू म्हणाली, आता घरी बस. मी घरी बसले तर खालाचं बोलावणं. "हात लावायला मनाई हाय, कान लावायला हाय काय? बस तिकडं, अर्थ ऐक." मी एक शाळेची वही घेतली होती. त्यात ती सांगेल तो अर्थ तिच्याच बोलीत लिहून घ्यायची. ती वही पुढं गाजली.

तीन महिने झाले तरी माझा पहिला सिपारा निम्माच. सासू आतल्या आत धुमसत होती. पलीकडच्या मोहल्ल्यात एक उस्तानी होती, ती अर्थबिर्थाच्या भानगडीत न पडता दोन-तीन महिन्यांत कुरान खतम करून द्यायची. सासूनं मला निरोप घेऊन पाठवलं की खालाला म्हणावं, अर्थ राहू दे, आधी खतम कर.

खालानं ऐकून घेतलं. "तुमच्या हमरापूरला गनपतीचे डोळे कंदी आखतात गो?"

मी दचकले. रोह्यात त्या गोष्टीचं नाव काढायची माझी छाती नव्हती. "सगळ्यात शेवटी," मी म्हटलं.

"आनि घाईत आखले तर?"

"तिरळे होतात. मग मूर्ती कुणी घेत नाही."

"मंग सासूला सांग, तिरळा सबक मी देत नाय." थोडं थांबून म्हणाली, "तुझी सासू माझ्याकडंच शिकली. तवा मी पन अशीच शिकवायची, पोपटावानी. तिला एका वर्सात खतम करून दिला. ती आज जी काय हाय ती माझ्या हातची हाय. माझंच पाप."

अर्थाचं वेड तिला कुठून लागलं ते तिनं त्याच दिवशी सांगितलं. भांडं उतरवून, चूल विझवून, अगदी दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं. तिचा नवरा जहाजावर होता. निकाहानंतर दोन वर्षांनी गेला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याची चिठ्ठी आली. उर्दूत. खाला पेणच्या शाळेत मराठी चौथी झालेली, अरबी अक्षरं लावता यायची, पण उर्दू चिठ्ठीतलं तिला काही उमजेना. वाचून घ्यायची तर कुणा पुरुषाकडं जायचं, आणि नवऱ्यानं बायकोला काय काय लिहिलं असेल! लाजेनं तिनं ती चिठ्ठी कुणाला दाखवलीच नाही. चुंबली, डोळ्यांना लावली, कुरानाच्या जुजदानात ठेवून दिली. खुशीनं गल्लीत सांदणं वाटली. रोज फजरच्या नमाजनंतर काढायची, डोळ्यांना लावायची, परत ठेवायची. चार महिन्यांनी पेणहून तिचा भाऊ आला, त्यानं वाचली. तलाक होता.

"इद्दतसुदिक, तलाकनंतर घरात बसायचे तीन म्हयने, त्या चिठ्ठीतच सपली," खाला म्हणाली. "माझी मलाच खबर नाय. तलाकनामा डोक्याला लावून सांदनं वाटली मी, मंदा. तवापास्नं कागद डोक्याला लावायच्या आधी मी इचारते, काय लिवलंय?"

पण कुरानाबाबतीत तेच विचारायला तिला पुढं वीस वर्षं लागली, कारण सांगणारं कुणी नव्हतं. पन्नाशीला आली तेव्हा भाच्यानं मुंबईहून मराठी अर्थ छापलेला कुरान आणून दिला. तो तिनं वर्तमानपत्राचं कव्हर घालून तांदळाच्या डब्यामागे ठेवला होता. आमच्या घरचा कुरान सात कपड्यांत कपाटावर. शपथ घ्यायला, मयताला आणि रमजानात खाली यायचा. खाला म्हणायची, "येवढ्या उंच ठिवलाय की फकस्त पालीच वाचतात."

नणंदेच्या लग्नाला दोन महिने राहिले असतील तेव्हा हमरापूरहून निरोप आला. मूर्तींसाठी रंग घ्यायला रोह्याला आलेला आमचा एक गाववाला इक्बालला कंपनीच्या गेटवर भेटला. आईच्या पोटात गाठ आहे, अन्न जात नाही, मंदाला एकदा बघायचं म्हणते, बाप कामावर असताना दुपारची येऊन जा. इक्बालनं मला सांगितलं आणि वर म्हणाला, "अम्मीला विचार. माझी सेकंड शिफ्ट हाय." त्या माणसाची जन्मभर सेकंड शिफ्टच होती.

सासूनं सरळ नाही म्हटलं. त्या घरात मूर्ती आहेत, तिथलं पाणी तू प्यायचीस, आणि लग्नाच्या तोंडावर लोक काय म्हणतील?

मी खालाच्या पडवीत जाऊन नुसती बसले. तिनं काढून घेतलंच सगळं. मग उठली, तांदळाच्या डब्यामागून तो मराठी कुरान काढला. मी होते पहिल्या सिपाऱ्यात, तिनं उघडला पार पुढं. "सूरे लुकमान," म्हणाली. "तुझा सबक हितवर यायला लय टाइम हाय, पन तुझ्या आयला टाइम नाय. लिव." मी लिहून घेतलं. आईनं तुला कष्टावर कष्ट काढून पोटात वागवलं. आईबाप तुला दुसऱ्या कुणाला पूज म्हणाले तर त्यांचं ऐकू नको, पण दुनियेत त्यांच्याशी भलेपणानं वाग.

"ह्ये मी सांगत नाय," ती म्हणाली. "हितं लिवलंय. पानी नको पिऊ त्यांचं, उपाशी ये. पन जा."

मी घरी जाऊन सासूला हेच सांगितलं, आणि तेही वही उघडून. इथं माझं चुकलं. मी त्या घरात नवी होते, मला वाटलं, कुरानात आहे म्हटल्यावर विषय संपला. पण त्या घरात कुरानात काय आहे हे आजवर कुणी कुणाला दाखवलंच नव्हतं. सासू पांढरीफटक पडली. "कुरान शिकायला धाडली तर माहेरी पळायला शिकवते ती रांड!" म्हणाली, आणि वही माझ्या हातातून ओढून घेतली.

आठवड्याच्या आत आमच्या ओटीवर बैठक बसली. जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, दोन बुजुर्ग आणि नवीन आलेले तरुण मौलाना. आम्ही बायका पडद्यामागं. खाला मात्र पडद्याच्या अलीकडं उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, ह्या सगळ्यांच्या घरच्या बायांना मी शिकवलंय, ह्यांच्यापासनं पडदा कसला?

सदर म्हणाले, "तुमच्याकडं सनद नाय. तुम्ही अर्थ सांगता, तोही मराठी पुस्तकातनं. सांगायचाच तर उर्दूतनं सांगावा."

"का?" खाला म्हणाली. "अरबी अल्लानं धाडली. उर्दू कुनी धाडली? तुमी आजारी पडता तवा दुवा कंच्या भाषेत मागता सदरसाहेब? आय गो आय गो म्हन्ता ना? पोचते ना ती?"

एक बुजुर्ग फिसकन हसले, सदर लाल झाले. मौलानांनी हात वर केला. माणूस बरा होता, आजही मी त्याला बोल लावत नाही. तो म्हणाला, "पुस्तक मी बघितलं, त्यात चूक नाही. प्रश्न एवढाच की ह्या बाई लोकांची घरं मोडायला शिकवतात, अशी तक्रार आहे. शिकणारी बाई पडद्यामागंच आहे. तिनंच सांगावं. सबक ठीक आहे म्हणाली, तर पडवी चालू राहील. नाही, तर बंद."

इतकं सोपं करून दिलं होतं त्यानं. एक शब्द. 'ठीक आहे' म्हणायचं, बस्स. सासूची बोटं माझ्या दंडात रुतली होती. मला आजूबाजूचे सगळे चेहरे दिसत होते. परतायला घर नाही, नवरा सेकंड शिफ्टला, आणि ह्या बायांनी पाठ फिरवली तर मी जायचं कुठं?

कुणीतरी म्हणालं, "बोलत नाय म्हंजे झालंच की."

पडद्याच्या फटीतून मला खालाचा हात दिसला. तीन बोटं वर. "थांबा," ती म्हणाली. "उत्तर येऊ द्या."

सगळे थांबले. बराच वेळ थांबले. आणि मी मिठाची गुळणी धरून बसले. मिठागराच्या मुलखातलीच ना मी!

पडवी बंद झाली. वहीत अल्लाचं कलाम होतं, म्हणून ती फाडता किंवा जाळता येईना. सासूनं ती पाक कपड्यात गुंडाळली आणि नमाज पढून, अगदी अदबीनं, कुंडलिकेत ठंडी करून आली. गणपती बुडवायला जाणाऱ्यांना नावं ठेवणारी बाई. मला पलीकडच्या उस्तानीकडं घातलं. तिनं मला पळवलं. अर्थ नाही, थांबणं नाही, तोंड चालू, पान उलट. लग्नाच्या आठ दिवस आधी माझा कुरान खतम झाला. मला नव्या कपड्यांचा जोड शिवला, गळ्यात हार घातला, सासूनं सगळ्यांसमोर माझा मुका घेतला. त्यात सूरे लुकमानही येऊन गेली असणार. कधी आली, कधी गेली, मला पत्ता नाही.

आईकडं मी गेले नाही. खतम झाल्यावर जा म्हणाले, मग लग्नानंतर जा म्हणाले, मग मला दिवस गेले. आणि खरं बोलायचं तर नंतर नंतर मी विचारणंच सोडलं. सासूवर किती दिवस ढकलू? एसटी तर दर तासाला होती.

खालाकडं पोरी यायच्या बंद झाल्या, मग लोक सांदणंही दुसरीकडून घेऊ लागले. तिच्या गल्लीतून जायचं मी टाळायची. वर्षभरानं कळलं, भाचा तिला पेणला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं.

आई त्यानंतर आणखी वर्षभर जगली. गाठ पोटात घेऊन, डॉक्टर हो-नाही म्हणत असताना. ती गेल्याचा निरोप आला तेव्हा सासूच म्हणाली, आता जाऊन ये. मेल्यावर सगळेच परवानगी देतात. तेराव्याला मी हमरापूरला अंगणाच्या कडेला उभी राहून आले. बापानं बघितलं आणि तोंड फिरवलं. धाकट्या भावानं तेवढं जवळ येऊन सांगितलं, "आय शेवटपर्यंत दुपारची दार उघडं ठेवायची."

परत जाताना पेणच्या एसटी स्टँडवर रोह्याच्या गाडीला वेळ होता. समोर सायकल दुरुस्तीच्या टपरीबाहेर एका स्टुलावर खाला बसली होती. डोळे पांढरे पडलेले, दोन्ही. मी पुढं निघून जाऊ शकले असते, तिला दिसलं नसतं. पाय तिकडं गेले. शेजारी रिकामं स्टूल होतं, त्यावर बसले आणि सलाम केला.

"मंदा," ती लगेच म्हणाली. मरियम नाही. शिवी नाही, बोलणी नाहीत. तिनं तेच विचारलं जे पडवीत रोज पहिल्यांदा विचारायची. "कुटवर आली?"

"खतम झाला, खाला. दोनदा झाला."

"मासाल्ला." तिचं तोंड क्षणभर खरंच उजळलं. मग म्हणाली, "आय कशी हाय?"

"गेली. आज तेरावं झालं."

"गेलती ना तू? जित्तेपनी?"

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि नाही म्हटलं. तेवढं तरी मी तोंडानं म्हटलं. रोह्याची गाडी लागली, कंडक्टर दारात उभा राहून ओरडायला लागला.

"मंग खतम कसा झाला गो?" खाला म्हणाली. "लुकमान तर ऱ्हायलीच की."

तिनं माझा हात बाजूला केला आणि उजव्या हाताची तीन बोटं वर केली. "घाई नाय. येऊ दे उत्तर."

कंडक्टरनं बेल मारली. मी उठले, आवाज न करता, चप्पल हातात घेऊन, आणि पळत जाऊन गाडीत चढले. खिडकीतून बघितलं तर ती त्या रिकाम्या स्टुलाकडं तोंड करून तशीच बसली होती, तीन बोटं वर धरून.